मनगटावरील नाडी



पुण्या-मुंबईस नोकरीला असलेली मुले हल्ली दिवाळीस गावी येतात, ती वडिलांच्या मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ बांधूनच परततात. ही माया आम्हांस मान्य आहे. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढते व अधिक प्रकाश शोषला जातो. त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असल्यास आकडा चुकतो. १९४७ साली अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी असे हृदययंत्र पाठीवर वागविले, तेव्हा त्याचे ओझे सुमारे ३८ किलो होते!

अश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापुरास पायी येणाऱ्यांनी, चालताना ठोके शंभराच्या वर गेले म्हणून घाबरू नये. स्वस्थ बसल्यावर प्रौढाचे साठ ते शंभर असावेत. भीती निराळीच आहे. छातीत कळ येते, घाम सुटतो. घड्याळ बहात्तर दाखविते, आणि मंडळी ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पितात. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली तरी ठोके नेहमीचेच असू शकतात, आणि ही गोष्ट मनगटावरचा दिवा सांगत नाही. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. मुलाला पुण्यास वाटेतून कळविता येते.