पाणथरीचा विकार आणि सुईवाटेचा इलाज



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढले शिक्षण यंत्रमागाच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तरीही आज पाणथरीवर बोलावयास उभे राहिलो, ते एका सोबत्यामुळे.

एके पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात सांगितले, यकृत खराब आहे, पाणथरी वाढली आहे. बाहेर बाकावर बसलेल्या आम्ही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले : म्हणजे हा चोरून पितो! माणूस माळकरी, दारूला कधी न शिवलेला. पुढे तपासणीत ‘ब’ काविळीचे विषाणू निघाले. आम्हीही त्याच्यावर संशय घेतला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

पाणथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांखाली असते. निरोगी माणसात वजन सुमारे १५० ग्रॅम. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी बाजूला काढणे आणि रोगजंतूंशी झुंजणे ही तिची कामे. तिचे व आतड्यांचे रक्त एका मोठ्या शिरेने यकृतात जाते. यकृत घट्ट झाले की ही वाट अडते आणि बंधाऱ्यामागे पाणी चढावे तसा मागे दाब चढतो. अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात. ती रक्ताची उलटी. इकडे पाणथरी फुगते आणि रक्त गोठण्यास लागणाऱ्या प्लेटलेट आपल्यातच अडकवून ठेवते. निरोगी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड लाखाहून अधिक असतात. आमच्या सोबत्याच्या ३५ हजारांवर आल्या. दात घासले तरी रक्त येई.

पूर्वी खेड्यांत पाणथरीवर पोटाला डाग देत. शस्त्रवैद्य ती समूळ काढीत. परंतु १९५२ साली किंग आणि शूमाकर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखविले की, पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना पुढे भयंकर जंतुसंसर्ग होतो. निरुपयोगी मानलेला हा अवयव पहारेकरी निघाला!

मग नवी वाट सापडली. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि बारीक नळी यांच्या साह्याने रोहिणीत शिरण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. त्याच रीतीने आज जांघेतून किंवा मनगटातून नळी घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती पाणथरीच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि काही फांद्यांत बारीक कण सोडून त्या बंद करतात. रोगी बहुधा जागाच असतो. पोट फाडावे लागत नाही. आरंभी सगळीच पाणथरी बंद करीत, तेव्हा आत पू होऊन माणसे दगावली. १९७९ साली स्पिगोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती थोडीच बंद करून जंतुनाशकांची जोड दिली. साधारणपणे निम्मा ते दोनतृतीयांश भाग बंद करतात. उरलेला पहाऱ्याला राहतो.

हा इलाज फुकटचा सौदा नव्हे. काही दिवस ताप येतो, डावी कूस दुखते; क्वचित पू होतो किंवा मोठ्या शिरेत गुठळी धरते. यकृतही त्याने बरे होत नाही. पण आमच्या सोबत्याच्या प्लेटलेट तीन आठवड्यांत ९० हजारांवर गेल्या. फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडी बसविली. विषाणूवरची गोळी मात्र रोज चालू आहे. तो आता हलक्या कामावर येतो.

कामावर आला त्या दिवशी आम्ही त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “साहेब, दुखणं सोसलं, पण माझा पोरगा मला विचारत होता, बाबा, तुम्ही पीत होता का?”

म्हणून आपणांस दोनच गोष्टी सांगावयाच्या. ‘ब’ काविळीची लस आहे. मूल जन्मताच, शक्यतो पहिल्या दिवशी, ती टोचून घ्या. आणि कुणाचे यकृत बिघडल्याचे ऐकलेत तर आधी रक्त तपासू द्या. त्याच्या चारित्र्याचा निकाल बाकावर बसून लावू नका. आम्ही तो लावला होता.