वडिलांचे रिव्हॉल्व्हर

एका दिवंगत सोबत्याचा मुलगा वडिलांचे जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून युनियनच्या कचेरीत आला. "काका, याचे किती येतील?" मी बाजूची कळ दाबून नळी खाली वाकवली, तशी दोन काडतुसे टेबलावर पडली!

शस्त्र वारशाने येते; परवाना येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा म्हणतो, परवान्यावाचून ते बाळगू नका. पोलीस ठाण्यात अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मग वारस म्हणून अर्ज करा. आधी ठाण्याला कळवा. शस्त्र रिकामे, काडतुसे वेगळी, असेच न्या.

किंमत मागाहून. मूळ मुलामा आणि जुळणारे क्रमांक ती चढवतात. घासून चकचकीत केले की ती उतरते.

बापाची आठवण जपावी. पण तिच्यापायी लेकाला तुरुंगवास घडू नये.