पेढीची तिजोरी आणि अदृश्य चोर

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चंद्रपूर-गडचिरोलीच्या या अरण्यप्रदेशात आपल्या वाडवडिलांनी धान, बांबू आणि तेंदूपानाचा व्यापार केला तो दिलेल्या शब्दाच्या पतीवर. चोराचे भय तेव्हाही होते. परंतु तो जंगलवाटेने येई आणि कुत्रे भुंकले म्हणजे पळे. आजचा चोर संगणकातून येतो आणि त्याची चाहूलही लागत नाही. त्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे.

प्रथम पुण्याचे उदाहरण घेऊ. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये असाच घाला पडला. एटीएममधून पैसे देण्याची अनुमती मागणारे संदेश ज्या यंत्रणेतून मुख्य खतावणीकडे जातात, तिच्यात चोरांनी आपली आज्ञावली घुसविली. त्यामुळे खतावणीस न विचारताच बनावट कार्डांना होकार मिळत गेला. ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतील यंत्रांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळविण्यात आले. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस होता, हे ध्यानात घ्यावे.

चोर मोठ्या संस्थांकडेच जातात, अशा भ्रमात आम्हीही होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या धानगिरणीस सुटे भाग पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने ई-मेल आला. बिल तेच, रक्कम तीच. केवळ बँक खात्याचा क्रमांक निराळा. मुनिमांनी पैसे पाठविले. पुढे पाहिले तो पाठविणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर बदललेले! मुनीम भयाने आणि आम्ही लज्जेने चार दिवस गप्प राहिलो. तेवढ्यात ती रक्कम अनेक खात्यांतून पांगून गेली. वीस वर्षांच्या त्या इमानी माणसाने राजीनामा पुढे केला. आम्ही तो घेतला नाही. पडताळणीचा नियम घालून देणे हे आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नव्हते.

आता आमच्या पेढीत खाते बदलल्याचे पत्र आले की, जुन्याच दूरध्वनी क्रमांकावर त्या व्यापाऱ्याशी प्रत्यक्ष बोलल्यावाचून एक पैही जात नाही. मोठ्या रकमेस दोघांची संमती लागते. पूर्वी तिजोरीस दोन किल्ल्या असत, तसेच हे आहे. ओटीपी कोणासही सांगावयाचा नाही. हिशेबाची एक प्रत रोज निराळ्या साधनावर उतरवून ते संगणकापासून अलग ठेवतो. कारण सर्व दप्तर कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोरही आहेत. आपली प्रत हाती असली म्हणजे त्यांच्यापुढे हात जोडावे लागत नाहीत.

इतके करूनही घात झालाच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेसही सांगावे. तक्रार वेळेवर पोहोचली तर पुढील खात्यात रक्कम रोखून धरता येते. तसेच, भारत सरकारच्या 'सर्ट-इन' संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार व्यवसायसंस्थांनी असे प्रकार सहा तासांच्या आत त्या संस्थेस कळवावयाचे आहेत.

बंधुभगिनींनो, फसविला गेलेला मनुष्य अपराधी नव्हे. आपल्या ज्ञातीत कोणावर असा प्रसंग आला तर त्यास हसू नये, तर त्याच्याजवळ बसून प्रथम तो क्रमांक लावून द्यावा. चार दिवसांपूर्वी आम्हांस असे कोणी भेटले असते तर, हा विचार आजही आमच्या मनातून जात नाही.