तालमीतला मुद्गल आणि ऑलिंपिकची रिबन

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडूच्या हाती जी साधने येतात, त्यांतले क्लब्ज मूळचे भारतीय तालमीतले आहेत. करेल, मुद्गल, जोडी अशी त्यांची इकडची नावे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेतल्या अधिकाऱ्यांनी हिंदी शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिले, त्यांचे वजन कमी करून ते आपल्या कवायतीत घेतले, आणि तिथून ते इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या व्यायामशाळांत पोचले. इंग्रजीत त्यांचे नावच ‘इंडियन क्लब्ज’ असे पडले. 1904 च्या सेंट लुईस आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धा होती. 1932 साली तिचे सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉर्ज रॉथने मिळवले. ही स्पर्धा पुरुषांची होती आणि पुढे ती ऑलिंपिकमधून गेली ती कायमचीच. ज्या शहरात ती शेवटची झाली, त्याच लॉस एंजेलिसमध्ये 52 वर्षांनी क्लब्ज पुन्हा ऑलिंपिकमध्ये आले. या वेळी ते एका मुलीच्या हातात होते.

दरम्यानच्या काळात युरोपात व्यायामाची एक वेगळी धारा वाहत होती. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी शरीराच्या घडणीचा विचार करून कवायतीची पद्धत बसवली. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ ताल अंगात मुरावा म्हणून विद्यार्थ्यांना हालचालींतून संगीत शिकवू लागले. या दोन्हींच्या जोडीला नृत्य आले आणि स्त्रियांचा एक स्वतंत्र व्यायामप्रकार हळूहळू आकाराला आला. 1952 च्या हेलसिंकी आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हातात साधन घेऊन संघाने करायचा एक प्रकार स्त्रियांसाठी ठेवलेला होता. पहिल्या वेळी स्वीडनचा संघ जिंकला, दुसऱ्या वेळी हंगेरीचा. त्यानंतर तो प्रकार वगळला गेला. मात्र आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने रिदमिक जिम्नॅस्टिक्सला स्वतंत्र मान्यता दिली आणि 1963 साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा भरली. सोव्हिएत संघाची ल्युडमिला साविन्कोवा पहिली विजेती ठरली. पुढची वीस वर्षे या खेळावर मुख्यतः सोव्हिएत आणि बल्गेरियन मुलींची सत्ता होती.

या इतिहासात अमरावतीचे नाव अगदीच परके नाही. 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर केली. हुतुतू त्यांत होता. 1949 साली लिंग यांच्या नावाने स्टॉकहोमला भरलेल्या ‘लिंगियाड’ या व्यायाम महोत्सवातही मंडळाचे पथक होते. ज्या देशात या खेळाची एक मुळी रुजली, तिथे वऱ्हाडातली माणसे त्या काळात आपली विद्या घेऊन गेली होती. त्यातला बर्लिनचा प्रवास तर पारतंत्र्यातला, आणि त्यांनी जे केले त्याची किंमत आज पुरेशी ओळखली जात नाही.

रिदमिक जिम्नॅस्टिक्स चटईवर म्हणजे 13 मीटर लांब आणि तितक्याच रुंद गालिच्यावर होतो. वैयक्तिक प्रकारात प्रत्येक साधनाचा कार्यक्रम सव्वा ते दीड मिनिटांचा असतो. बॉलचा व्यास 18 ते 20 सेंटिमीटर आणि वजन किमान 400 ग्रॅम. प्रत्येक क्लब किमान 150 ग्रॅमचा. रिबन 6 मीटर लांब, सॅटिनची, एका बारीक काठीला जोडलेली. बघणाऱ्याला रिबन सगळ्यात सोपी आणि सुंदर वाटते. खेळणारीला ती सगळ्यात जास्त छळते. सहा मीटर कापड सतत हलते ठेवावे लागते. मनगट क्षणभर थांबले की रिबनचे टोक गालिच्यावर लोळते आणि गुण जातात. वेटोळी काढताना एक वेटोळे दुसऱ्यात अडकले की गाठ बसते आणि संगीत चालू असतानाच ती सोडवायची असते. सभागृहात एसीचा झोत जोरात असला तरी रिबन भरकटते. म्हणून गालिच्याच्या कडेला राखीव साधन ठेवायची नियमातच सोय आहे. काठी उंच फेकायची, खाली दोन गिरक्या घ्यायच्या आणि न बघता ती झेलायची, असे एक फेकणे बसायला महिनेच्या महिने जातात. पंच कठीणपणा, कलात्मकता आणि सफाई यांचे गुण वेगवेगळे देतात. चेहऱ्यावरचे हसू मात्र सगळ्यांना एकदमच दिसते.

1984 साली लॉस एंजेलिसला रिदमिक जिम्नॅस्टिक्स पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले, तेही फक्त वैयक्तिक प्रकारापुरते. त्या वर्षी सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांनी बहिष्कार घातलेला असल्यामुळे 1983 ची जगज्जेती, बल्गेरियाची दिलियाना गेओर्गिएवा तिथे नव्हती. सोव्हिएत गटातून एकटा रुमानिया आला होता आणि त्यांची डोइना स्टाइकुलेस्कू जिंकेल अशी अपेक्षा होती. सुवर्णपदक घेतले व्हँकुव्हरच्या लोरी फंग या 21 वर्षांच्या कॅनेडियन मुलीने. हूप, बॉल, क्लब्ज आणि रिबन या चारही साधनांवर तिने हात चुकू दिला नाही. 60 पैकी तिचे गुण 57.950, स्टाइकुलेस्कूचे 57.900 आणि तिसऱ्या आलेल्या पश्चिम जर्मनीच्या रेगिना वेबरचे 57.700. फरक 0.050 चा. एखादा झेल अर्ध्या सेकंदाने उशिरा झाला असता तरी पदकाचा रंग बदलला असता.

लोरी फंगचा उंचावत गेलेला क्रम पाहण्यासारखा आहे. 1981 च्या जागतिक स्पर्धेत ती तिसावी होती आणि 1983 मध्ये तेविसावी. कॅनडात या खेळाला तेव्हा ना परंपरा होती, ना प्रेक्षक. सर्वोत्तम खेळाडू आल्या नव्हत्या म्हणून तिला पदक मिळाले, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. हे म्हणणे अर्धवट आहे. जी आली नाही तिच्याशी कोणालाच खेळता येत नाही. ज्या आल्या होत्या, त्या सगळ्यांना फंगने हरवले. 1988 साली सोलला सोव्हिएत संघाची मरिना लोबाच 60 पैकी 60 गुण मिळवून जिंकली, तेव्हा या खेळाची खरी उंची जगाने पाहिली हेही तितकेच खरे. पण पहिलीची कामगिरी आणि सर्वश्रेष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1988 मध्ये निवृत्त होऊन फंग व्हँकुव्हरमध्ये मुलींना शिकवू लागली. 1990 च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत या खेळाची सर्वसाधारण, म्हणजे सगळ्या साधनांची मिळून, विजेती कॅनडाची मेरी फुझेसी, 1998 ची एरिका-ली स्टर्टन आणि 2006 ची अलेक्झांड्रा ऑरलँडो. तिघीही कॅनडाच्या. ज्या देशात खेळाला प्रेक्षक नव्हते, तिथे एका पदकानंतर मुलींची रांग लागली.

भारतात हा खेळ उशिरा आला आणि महाराष्ट्राने तो आधी उचलला. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून रिदमिक जिम्नॅस्टिक्ससाठी अक्षता शेटे, क्षिप्रा जोशी आणि पूजा सुर्वे या तिघी उतरल्या. तिघीही महाराष्ट्राच्या. समोर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंड असे देश होते. सर्वसाधारण सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या नाझ्मी जॉन्स्टनने जिंकले. आपल्या मुलींना पदक मिळाले नाही. देशाच्या राजधानीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, ज्या खेळाचे नाव बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकले होते त्या खेळात उभे राहणे हेच मोठे धाडस होते. यानंतर 2018 मध्ये गोल्ड कोस्टला हैदराबादची मेघना रेड्डी आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमला जम्मूची बवलीन कौर गेली. खेळ हळूहळू देशभर पसरू लागल्याची ही खूण.

पूजा सुर्वे यांनी पुढे ठाण्यात मुली घडवायला घेतल्या. त्यांच्या आणि मानसी सुर्वे यांच्या हाताखाली संयुक्ता काळे तयार झाली. जून 2022 मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सर्वसाधारण, हूप, बॉल, क्लब्ज आणि रिबन अशी पाचही सुवर्णपदके संयुक्ताने जिंकली. पाचपैकी पाच याचा अर्थ असा की एकाही साधनाने तिला दगा दिला नाही, आणि या खेळात तर साधने रोजच दगा देतात. 2023 साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने 4 सुवर्ण आणि 1 रौप्य मिळवले. स्पर्धेतली सर्वोत्तम महिला खेळाडू हा मान तिला ओडिशाची ऑलिंपियन प्रणती नायक हिच्यासोबत विभागून मिळाला. देशातल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या मुलींमधून रिदमिकच्या मुलीची अशी निवड होणे ही या खेळासाठी फार मोठी गोष्ट होती. ठाण्यातल्या त्या गालिच्यावर एका पिढीने सोसलेला अनुभव दुसऱ्या पिढीच्या हाती थेट आला, हे त्यामागचे कारण. 2010 साली ज्या चुका झाल्या असतील, त्या पुन्हा करण्यात संयुक्ताचा वेळ गेला नाही.

वऱ्हाडात या खेळासाठी लागणारी पुष्कळ तयारी आधीपासून आहे. अमरावतीत दोरीच्या मल्लखांबावर चढणाऱ्या मुलींच्या अंगात लवचीकता, पकड आणि तोल या तिन्ही गोष्टी असतात. तिथल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून दरवर्षी प्रशिक्षित शिक्षक बाहेर पडतात. अकोल्याने बॉक्सिंगमध्ये खेळाडू घडवून दाखवले, म्हणजे एखादा खेळ चिकाटीने धरला तर तो इथे रुजतो हे सिद्ध झालेले आहे. अडचण आहे ती तीन ठिकाणी. पहिली म्हणजे वय. हा खेळ सहा-सात वर्षांच्या आतबाहेर सुरू करावा लागतो. आठवी-नववीत आल्यावर फार उशीर झालेला असतो. दुसरी जागेची: साधन उंच फेकायचे तर उंच छताचा हॉल आणि पूर्ण मापाचा गालिचा हवा, शाळेच्या व्हरांड्यात ते जमत नाही. तिसरी अडचण घरची. मुलगी संध्याकाळी तीन-तीन तास सरावाला जाणार, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालणार, स्पर्धेसाठी परगावी जाणार, याला आई-वडिलांनी मनापासून हो म्हणावे लागते. पहिल्या दोन अडचणी पैशाने सुटतात. तिसरी सुटते ती ओळखीच्या घरातली एखादी मुलगी आधी खेळलेली दिसली की. म्हणून कोणत्याही गावात पहिल्या मुलीला सर्वांत जास्त आधार लागतो, आणि नेमका तिलाच तो सर्वांत कमी मिळतो.

अमरावती आणि अकोल्यातल्या प्राथमिक शाळांनी, व्यायामशाळांनी आणि पालकांनी मिळून निदान एक पूर्ण मापाचा गालिचा, एक उंच हॉल आणि एक प्रशिक्षक एवढी सोय करावी आणि पहिली-दुसरीतल्या मुलींना तिथे पाठवावे. मुद्गल या मातीला नवा नाही. त्याचा क्लब झालेला असला तरी हातांना तो परका वाटणार नाही.