जंताचे मूळ गुळात नव्हे, मातीत



गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हा पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातील प्रदेश. पावसाने जोर धरला की बांध्या पाण्याने भरतात, रोवणीची लगबग सुरू होते आणि थोरामोठ्यांमागून मुलेही अनवाणी चिखलात उतरतात. धान्य देणारी ही ओली, उबदार माती उघड्यावरील शौचाने दूषित झाली, तर तीच मुलांच्या आजाराचे कारण ठरते.

वर्गात एखादे मूल फिकट दिसते, लवकर थकते. त्याचे लक्ष फळ्यावर ठरत नाही. शाळेत त्याला आळशी म्हटले जाते. घरी सांगितले जाते, ‘गूळ फार खातो, म्हणून जंत झाले.’ पहिला शिक्का अनेकदा अन्यायाचा असतो. गुळावरील आरोप तर सर्वस्वी निराधार आहे.

जंत खाऊतून उत्पन्न होत नाहीत. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाखांपर्यंत अंडी घालते. परंतु ती अंडी पोटात उबत नाहीत. विष्ठेवाटे ती मातीत पडतात, तेथे काही आठवड्यांत परिपक्व होतात आणि न धुतलेले हात, कच्च्या भाज्या वा दूषित पाणी यांवाटे पुन्हा तोंडात जातात. चाबूककृमीचा मार्गही असाच. अंकुशकृमीची अळी मात्र अनवाणी पायाची त्वचा भेदून शरीरात शिरते, रक्तावाटे फुप्फुसात व तेथून आतड्यात पोहोचते. तेथे रक्त शोषले गेल्याने बालकास पंडुरोग जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या या जंतांची बाधा आहे.

यावर उपाय सोपा आहे. २०१५ साली देशात राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. दोन वर्षांवरील बालकांसाठी मात्रा ४०० मिलिग्रॅमची, त्याहून लहानांसाठी अर्धी. गोळी चावून खावयाची असते. आजारी मुलास त्या दिवशी गोळी देऊ नये. ते बरे झाल्यावर द्यावी. पोटात जंत अधिक असल्यास थोडी मळमळ वा पोटदुखी संभवते. पालकांना याची पूर्वकल्पना दिल्यास अफवांना वाव राहत नाही.

तथापि गोळी पोटातील जंत मारते, मातीतील अंडी नव्हे. गोल जंताची अंडी अनुकूल मातीत वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे गोळी घेतलेले मूल पुन्हा त्याच मातीत अनवाणी गेले, तर बाधा पुन्हा होते.

येथेच ग्रामपंचायतीचे उत्तरदायित्व सुरू होते. शौचालय बांधले, एवढ्याने भागत नाही; त्यात पाणी हवे आणि त्याचा नित्य वापर हवा. शाळेत मध्यान्ह भोजनापूर्वी साबणाने हात धुण्याची सोय हवी. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा मुलांची नखे पाहावीत, पायांत चपला असाव्यात याचा पालकसभेत आग्रह धरावा. गोळीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी करून त्यांच्यापर्यंत गोळी पोहोचवावी. अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी गोळ्यांच्या आकड्याबरोबर शाळेतील नळही उघडून पाहावा.

संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान राबविण्यात आले. पोटात शिरणारा प्रत्येक नवा जंत बाहेरूनच येतो. म्हणूनच त्याला रोखणे गावाच्या हाती आहे.