तांब्याचा पत्रा आणि मठाची भिंत



१५६३ सालच्या डिसेंबरात ट्रेंट येथील कॅथॉलिक धर्मपरिषदेने आपल्या अखेरच्या अधिवेशनात अनेक ठराव केले. त्यांतील दोन आज आम्ही शेजारी शेजारी ठेवणार आहो. चित्रे ही धर्मशिक्षणाची साधने आहेत, ती राहावीत, हा एक. आणि संन्यासिनींनी मठाची भिंत ओलांडू नये, हा दुसरा. बाई आत आणि चित्र बाहेर, अशी ही व्यवस्था झाली.

स्पेनमधील आविलाची तेरेसा (१५१५-१५८२) भिंतीआड स्वस्थ बसणारी नव्हती. तिने गावोगाव फिरून सतरा मठ उभारले. पैसा, जागा, परवानगी, सारे स्वतः पाहिले. १५६८ मध्ये पुरुषांच्या मठाचीही सुधारणा तिच्याच प्रेरणेने सुरू झाली. तिच्या आत्मचरित्राची हस्तलिखित प्रत १५७५ मध्ये इन्क्विझिशनने ताब्यात घेतली. १५७८ च्या सुमारास पोपचे वकील सेगा यांनी तर तिला भटकी आणि आज्ञाभंग करणारी ठरविले. बायकांनी शिकवू नये असे पौलाने सांगितले असता ही शिकवते, ही त्यांची मुख्य तक्रार!

तेरेसेमागून तिची शिष्या आना दे जेझुस हिने हस्तलिखिते जमविली आणि १५८८ मध्ये ती सालामांका येथे छापून निघाली. पण पुस्तक वाचणाऱ्यासाठी असते. १६०७ मध्ये आना ब्रुसेल्सला आली. जवळच अँटवर्प, म्हणजे त्या काळची मुद्रणाची राजधानी. तेथे छापलेले बहुभाषी बायबल १५८० मध्येच गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी अकबराच्या हाती दिले होते, यावरून त्या पेठेचा पल्ला ध्यानी येईल. तेथील आड्रियान कोलार्ट व कॉर्नेलिस गाले यांच्याकडून आनाने तेरेसेच्या चरित्राची चित्रमाला तांब्याच्या पत्र्यांवर खोदवून घेतली. ती १६१३ मध्ये निघाली. पत्रा एकदा खोदला की त्यावरून शेकडो प्रती निघतात, आणि प्रतीला भिंत नसते.

काय आहे या चित्रांत? भावासह हौतात्म्य शोधायला निघालेली लहान पोर आहे. हृदयात बाण खुपसणारा देवदूत आहे. आध्यात्मिक विवाहाची खूण म्हणून खिळा देणारा ख्रिस्त आहे. बर्निनीने हाच बाणाचा प्रसंग रोममध्ये संगमरवरात कोरला तो पुढे १६४७ नंतर. भर सारा दर्शनांवर आणि तपावर. हिशेब ठेवणारी, अधिकाऱ्यांशी वाद घालणारी तेरेसा या दर्शनांच्या तेजापुढे फिकी पडते.

लेखणी हाती घेतलेल्या तेरेसेच्या छापील चित्रांत पुष्कळदा वर एक कबुतर असते. तो पवित्र आत्मा. काहींना यात केवळ भक्ती दिसते. आमच्या मते ते कबुतर म्हणजे परवाना आहे. बाई शिकवते असे म्हणण्याची सोय नव्हती. देव तिच्याकरवी लिहवितो असे दाखविले की पौलाचे वचनही मोडत नाही आणि पुस्तकही चालते. किंमत एवढीच की बुद्धी तिची उरत नाही. आनाला ही किंमत कळत नसेल असे आम्हांस वाटत नाही. तिने ती मोजली.

१६१४ मध्ये तेरेसेला धन्य घोषित केले गेले आणि १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळाले. त्या दिवशीच्या पाच नव्या संतांत, ज्यांचा देह गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियरही होते. स्त्री ती एकटीच. चित्रांचे हे बळ रोमने ओळखले. १६२५ मध्ये पोप आठव्या अर्बनने, चर्चने मान्यता दिल्यावाचून कोणाच्या चित्राभोवती तेजोवलय काढू नये, असा हुकूम काढला.

चर्चची आचार्या ही पदवी तेरेसेला १९७० मध्ये मिळाली; कोणाही स्त्रीला ती प्रथमच मिळत होती. पत्रे खोदवून घेणारी आना मात्र धन्य ठरली ती २०२४ च्या सप्टेंबरात, ब्रुसेल्समध्येच.