राजीनाम्यावर सही एकाचीच असते

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चिखली येथे केलेले भाषण)



मघाशी चहा घेताना एका पालकांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, "चाचा, आपण जे बोलायचे ते बोला, पण मुलांना नोकरी सोडायला सांगू नका. आमची अजून लागायची आहे." मी त्यांना वचन दिले आहे, तेव्हा त्यांनी निर्धास्त बसावे. सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावले ते "पक्की नोकरी सोडून लेखक झालेला आपल्या गावचा माणूस" म्हणून. निमंत्रणपत्रिकेत हे वाक्य फार शोभून दिसते. पण त्यामागे घरात काय घडले ते पत्रिकेत मावत नाही, म्हणून आज तेवढेच सांगावे असे मी ठरवून आलो आहे.

मी १९७४ साली एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. आमच्या खानदानात टेबलावर बसून पगार घेणारा मी पहिला. अब्बा हातगाडीवर कापड विकायचे. चिखलीचा बाजार, अमडापूरचा बाजार, सैलानीची यात्रा, असे त्यांचे वर्ष जायचे. मला हुकूम मिळाला त्या दिवशी त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि माझ्याकडून पहिली गोष्ट कोणती करवून घेतली असेल, तर आपल्या उधारीच्या वहीची बेरीज. माझे काम आस्थापना शाखेत होते. सेवापुस्तके लिहायची, वेतनवाढी लावायच्या, रजेचा हिशेब ठेवायचा. दुसऱ्यांच्या आयुष्याचा जमाखर्चच म्हणा ना. कोणाचा जन्म कधीचा, कोण किती दिवस आजारी होता, कोणाच्या वारसाचे नाव बदलले, हे सगळे माझ्या हातून लिहिले जाई. रात्री घरी आलो की कंदिलाजवळ बसून त्याच माणसांच्या गोष्टी लिहायचो. घरात आम्ही उर्दू बोलतो, बाजारात वऱ्हाडी आणि कचेरीत मराठी. गोष्टी मात्र मराठीतच यायच्या, कारण ज्यांच्या त्या असत ती माणसे माझ्याशी मराठीत बोललेली असत. पहिल्या गोष्टीची पंचवीस रुपयांची मनिऑर्डर आली, तेव्हा पोस्टमनला दोन रुपये बक्षीस दिले आणि उरलेल्यांत अम्मीसाठी औषध आणले.

पुढे सात-आठ गोष्टी छापून आल्या. दोन पत्रे आली. आणि मला वाटू लागले की ही कचेरी आपल्याला खाते आहे. १९८८ च्या मार्चमध्ये मी राजीनामा दिला. हातात त्या वेळी साधारण चौदाशे रुपये येत. घरात माझी बेगम, तीन मुले आणि दोन म्हातारी माणसे.

अब्बांनी एवढेच विचारले, "तनख्वाह कौन देगा?" मी लेखनाबद्दल बरेच बोललो. ते ऐकत राहिले, आणि मी थांबल्यावर पुन्हा तोच प्रश्न त्यांनी त्याच आवाजात विचारला. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मुलांच्या आईला तर मी विचारलेच नव्हते, फक्त सांगितले होते. ती आज समोर बायकांमध्ये बसलेली आहे, म्हणून तिच्या समक्षच कबूल करतो.

आता या ठिकाणी पालकांनी जरा कान द्यावा, कारण चौदा वर्षे दुसऱ्यांची सेवापुस्तके लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत काय केले ते ऐकण्यासारखे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ सालचे. त्यांत राजीनामा वेगळा आणि स्वेच्छानिवृत्ती वेगळी. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर रीतसर नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याला निवृत्तिवेतन मिळते. राजीनामा देणाऱ्याची मागची सेवा जप्त होते. हा नियम मी इतरांना तोंडपाठ सांगत असे. माझी सेवा चौदा वर्षांची. सहा वर्षे थांबलो असतो तर १९९४ पासून दरमहा काहीतरी घरात येत राहिले असते. मी थांबलो नाही. भविष्य निर्वाह निधीचे नऊ हजार काहीशे रुपये हाती आले आणि मला वाटले, आता दोन वर्षांची बेगमी झाली. ते अकरा महिन्यांत संपले. (१ नोव्हेंबर २००५ पासून पुढे नोकरीला लागलेल्यांची पेन्शनची व्यवस्था निराळी आहे. ती त्यांनी आपल्या आस्थापना शाखेत विचारून घ्यावी, माझ्या भरवशावर राहू नये.)

बरे, त्या अकरा महिन्यांत लिहिले किती? दोन गोष्टी, आणि त्याही कच्च्या. नोकरीत असताना वर्षाला चार व्हायच्या. सकाळी उठून टेबलाशी बसायचो तर डोक्यात काही येत नसे. कोणी भेटत नव्हते, कोणी भांडत नव्हते, कोणी रजेसाठी खोटे बोलत नव्हते. जी कचेरी मला खाते असे मी म्हणत होतो, तीच मला खाऊ घालत होती. पगाराच्या बाबतीत हे माहीत होते, गोष्टींच्या बाबतीत तेव्हा कळले.

त्या दिवसांत मी थोरामोठ्यांची उदाहरणे देऊन घरच्यांना गप्प करीत असे. सर्वांत मोठे उदाहरण मुन्शी प्रेमचंदांचे. आपल्याकडे उर्दू शाळांतून त्यांचे धडे असतात. १९२१ च्या फेब्रुवारीत गोरखपूरला गांधीजींचे भाषण ऐकून त्यांनी वीस वर्षांची सरकारी शिक्षणखात्यातली नोकरी सोडली. मी इथपर्यंत सांगून थांबायचो. पुढचे मी नंतर वाचले. त्यांच्या पत्नी शिवरानी देवींनी "प्रेमचंद घर में" नावाचे पुस्तक लिहिले आहे, १९४४ साली निघालेले. प्रेमचंदांनी राजीनामा देण्याआधी त्यांच्याशी बोलणे केले, घरात दोघांनी मिळून विचार केला, आणि त्यांनी होकार दिला. प्रकृती बरी नसलेला नवरा, पदरात मुले. तरी होकार दिला. आणि दुसरे असे की, नोकरी सोडल्यावरही प्रेमचंदांना नोकऱ्या कराव्याच लागल्या. कानपूरला शाळेत, बनारसला विद्यापीठात, लखनौला मासिकाच्या संपादनात. स्वतःचा छापखाना काढला तो तोट्यात, १९३० साली "हंस" काढले तेही तोट्यात. १९३४ साली तर आपल्या मुंबईला एका चित्रपट कंपनीत पगारावर आले आणि वर्ष सरायच्या आत कंटाळून परत गेले. १९३६ साली "गोदान" आले आणि त्याच वर्षी ते वारले, छप्पन्नाव्या वर्षी.

मराठीतले मामा वरेरकर. पोस्टात बरीच वर्षे नोकरी करून ते नाटकांकडे आले. पोस्टात असतानाच त्यांची नाटके रंगभूमीवर येऊ लागली होती, हे विसरू नये. याच मामांनी बंगालीतल्या शरद्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. आमच्या वेळी वाचनालयात त्या फाटेस्तोवर वाचल्या जात. ते शरद्चंद्र रंगूनला हिशेब खात्यात कारकून होते, आणि १९१६ साली नोकरी सोडून आले ते प्रकाशकाने दरमहा शंभर रुपये देण्याचे कबूल केल्यावर. म्हणजे अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या खिशात होते. मला ही मंडळी मोठी वाटत, आजही वाटतात. पण त्यांची नावे मी घरात वापरली ती पुरते न वाचता.

आणि एवढे लांब जायचे तरी कशाला? इथून जवळच मेहकर आहे. ना. घ. देशपांडे आयुष्यभर तिथे राहिले, तिथेच त्यांनी वकिली केली. १९०९ चा जन्म, शेंदुरजन गावचा. त्यांची "शीळ" ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर येऊन घरोघर पोचली तरी संग्रह निघायला १९५४ साल उजाडले, म्हणजे कवीचे वय पंचेचाळीस. "खूणगाठी"ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पक्षकार, तारखा, कोर्टाची पायरी हे सगळे सांभाळून त्यांनी जे लिहिले ते थोडे असेल, पण घाईचे नाही. मी राजीनामा दिला त्याच्या दोनच वर्षे आधी ही पुरस्काराची बातमी जिल्हाभर झाली होती. मीही पेपरात वाचली होती. तिच्यावरून मला काही सुचायला हवे होते, सुचले नाही. तरुण माणसाला दूरचा गोरखपूर दिसतो, मेहकर दिसत नाही.

तर अकरा महिन्यांनी पैसे संपले. घर कोणी चालवले? शिलाई यंत्राने. माझ्या बेगमने दोन शाळांचे गणवेश शिवायला घेतले. रात्री उशिरापर्यंत यंत्र चालायचे आणि मी शेजारच्या खोलीत "शांतता नाही म्हणून लिहिता येत नाही" असे म्हणत बसायचो. हे बोलून दाखवल्यावर एकदा तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "बंद करू का?" त्यानंतर मी पुन्हा तसे म्हटले नाही.

दुसऱ्या वर्षी मी तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकले आणि अर्ज लिहून देऊ लागलो. लेखक व्हायला निघालेला माणूस अर्जनवीस झाला, असे लोक हसून म्हणत. खरेच होते ते. पण मित्रहो, माझे जे काही बरे लिखाण आहे ते त्या लिंबाखालचे आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन एक म्हातारी यायची. वय विचारले तर म्हणायची, "मोठा दुष्काळ पडला तवा मी पाळण्यात व्हते." अर्जात पाळणा लिहिता येत नाही, वर्ष लिहावे लागते. तिचे वर्ष मी अर्जात लिहिले आणि पाळणा घरी आणला. सात-बारावर नाव लावण्यासाठी आलेले भाऊ, शिधापत्रिकेतून नाव कमी झालेली सून, खामगाव-जालना रेल्वेत जमीन जाईल म्हणून आतापासूनच हरकत घेऊन ठेवणारा एक हुशार शेतकरी. (ती रेल्वे आमच्या आजोबांच्या काळापासून येते आहे, अजून आलेली नाही.) एका अर्जाचे दोन रुपये, पुढे पाच. शंभर शब्दांत माणसाचे दुःख असे लिहायचे की साहेबाने दुसरी ओळ वाचलीच पाहिजे. लेखनाचे याहून चांगले शिक्षण मला कुठे मिळाले नाही.

पहिले पुस्तक निघाले तेव्हा प्रकाशकाशी तोंडी बोलणे झाले होते. पैसे आले नाहीत. कागद नसल्याने भांडताही आले नाही. तुमच्यापैकी जे लिहितात त्यांनी ध्यानात ठेवावे, कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. आयुष्यभर दुसऱ्यांना "लेखी द्या" म्हणणारा मी, इथे विसरलो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती टाळून खाली बसलो असतो तर कोणाला कळले नसते.

माझी थोरली मुलगी १९९१ साली बारावी झाली. चांगल्या गुणांनी झाली. डी.एड.ला बाहेरगावी तिचा नंबर लागला. फी आणि राहण्याजेवणाचा खर्च धरून जी रक्कम होत होती, ती घरात नव्हती. दोन ठिकाणी मागून पाहिली, मिळाली नाही. ती त्या वर्षी घरी राहिली. आईच्या शेजारी बसून गणवेशांना काज-बटण करीत राहिली. रडली नाही, बोलली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, प्रवेश मिळाला, शिक्षिका झाली. माझ्या दोन पुस्तकांची मुद्रिते तिनेच तपासली आहेत. लोक म्हणतात, झाले ना सगळे नीट. पण मी आस्थापनेचा जुना कारकून आहे. ज्येष्ठता यादीत एक वर्ष म्हणजे काय ते मला कळते. तिच्या पुढे जी नावे लागली, जी बदलीत आधी निवडत गेली, जी मुख्याध्यापक आधी झाली, त्या सगळ्यांत माझे ते अकरा महिने आहेत. राजीनाम्यावर सही माझी एकट्याची होती.

मी पस्तावलो का, असे मुले विचारतात. लिहिण्याबद्दल नाही. पुन्हा संधी मिळाली तर लिहीनच. पण सहा वर्षे थांबेन, घरात दोघे बसून हिशेब करू, आणि ती नाही म्हणाली तर पहाटे फजरनंतर दीड तास लिहीन आणि दहा वाजता कचेरीत जाईन. पालकांनाही एक अर्ज आहे. मुलगा काही लिहीत असेल तर "इससे पेट नहीं भरता" असे लगेच म्हणू नका. पोट भरत नाही हे त्याला कळेलच. त्याने काय लिहिले आहे तेवढे एकदा ऐकून घ्या. आपल्या समाजातून मराठीत लिहिणारे पूर्वी थोडे होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आमच्यासारख्यांना कळले की आपण एकटे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या अजीम नवाज राहींच्या कविता आज सगळ्या महाराष्ट्रात ऐकल्या जातात. हे रोप घराच्या अंगणातच लागते.

गेल्या आठवड्यात याच शाळेतला अकरावीचा एक विद्यार्थी वही घेऊन माझ्याकडे आला होता. वडील जिनिंगमध्ये हमाली करतात, त्यांच्यावर त्याने नऊ पाने लिहिली आहेत. कापसाच्या गाठी, नाकात जाणारा फूस, संध्याकाळी पाठीला लावायचे तेल. चांगले लिहिले आहे. मला म्हणाला, "सर, पुढे शिकू का लेखक होऊ?" मी म्हटले, "शिक. आणि आधी हे वडिलांना दाखव." तो म्हणाला, "त्यांना वाचता येत नाही." मी म्हटले, "वाचायला दे म्हटले नाही बेटा, वाचून दाखव म्हटले."

तो आज मागच्या रांगेत बसलेला मला इथून दिसतो आहे. वही बरोबर आहे. वाचून दाखवली की नाही ते कार्यक्रमानंतर विचारीन. मगरिबची वेळ होत आली आणि बक्षीस समारंभ अजून व्हायचा आहे, मुले केव्हाची चुळबुळ करीत आहेत.